हबला ब्लूटूथ हवे का?

प्रश्न : साताऱ्यातील शाहूपुरी भागात आमचे जुने दुमजली घर आहे. खालच्या मजल्याच्या भिंती दगडी व दीड-दोन फूट जाडीच्या असून वरचा मजला नंतर विटांत बांधलेला आहे. दिवे व पंखे चालविण्यासाठी झिग्बी या बिनतारी पद्धतीचा हब, म्हणजे घरातील उपकरणे एकत्र जोडून चालविणारे यंत्र, घ्यावयाचे ठरले आहे. ब्लूटूथही चालणारा हब घेणे म्हणजे नसती उठाठेव, असे विक्रेता सांगतो. पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाचे मत असे की, तापमान व आर्द्रता मोजणारे स्वस्त सेन्सर बरेचसे ब्लूटूथचेच असतात, तेव्हा हबला ते चालायलाच हवे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाचे ऐकावे, विक्रेत्याच्या बोलण्यातही थोडे तथ्य आहे, तेवढे मात्र लक्षात ठेवावे. मोबाइलला हेडफोन जोडताना जे ब्लूटूथ आपण वापरत आलो, त्याहून या सेन्सरांचे ब्लूटूथ निराळे आहे. कमी ऊर्जेवर चालणारा हा प्रकार २०१० मध्ये ब्लूटूथच्या ४.० या आवृत्तीत आला. त्यावर चालणारा तापमानाचा सेन्सर कोणाशीही जोडला न जाता ठरावीक वेळाने आपले आकडे हवेत जाहीर करतो व पुन्हा झोपी जातो, आणि म्हणूनच बटणाएवढ्या सेलवर तो अनेक महिने चालतो. हबला येथे केवळ ऐकण्याचे काम असते. असे दहा सेन्सर बसविले तरी हबवर विशेष भार पडत नाही. एवढ्या स्वस्तात मिळणारी माहिती हबने नाकारावी, याला मला सबळ कारण दिसत नाही.

दिवे, पडद्यांच्या मोटारी व कुलुपे यांची गोष्ट वेगळी, कारण तेथे नुसते ऐकून भागत नाही; हबला उपकरणाशी जोडणी करून आज्ञा द्यावी लागते. जोडणीला वेळ लागतो आणि अशी कित्येक उपकरणे एका वेळी एकालाच दाद देतात, म्हणजे घरातील कोणाच्या मोबाइलने बल्ब धरून ठेवला असेल तर हबला ताटकळावे लागते. बटण दाबताच दिवा लागावा ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती झिग्बी अधिक भरवशाने पुरी करते. तेव्हा दिव्या-पंख्यांबाबत तुम्ही ठरविलेले बदलू नये.

आता तुमच्या भिंती. झिग्बी व ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि जाड दगडी भिंत दोघांनाही जड जाते. मात्र कायम विजेवर असणारी झिग्बीची बहुतेक उपकरणे एकमेकांचे निरोप पुढे पोचवितात. ब्लूटूथच्या साध्या सेन्सराला अशी साखळी नसते. ब्लूटूथचीही जाळी-पद्धत २०१७ मध्ये आली, पण तिचा उपयोग सेन्सर व हब या दोघांनाही ती येत असेल तरच. त्यामुळे ओसरीवरच्या हबमध्ये ब्लूटूथ असूनही माजघरापलीकडच्या कोठीतला सेन्सर त्याला ऐकू न येण्याचा संभव बराच आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमकी हीच गोष्ट विचारायची राहून जाते.

यावर उपाय आहे. वाय-फाय व ब्लूटूथ दोन्ही असलेला ईएसपी३२ जातीचा छोटा बोर्ड कोठीत मोबाइलच्या चार्जरवर लावून ठेवला की तो तेथील सेन्सरांचे ऐकतो आणि वाय-फायवरून हबला कळवितो. होम असिस्टंट या घरातील उपकरणे चालविणाऱ्या मुक्त प्रणालीत ही सोय २०२२ पासून आहे. अर्थात, वाय-फाय तेथवर पोचले पाहिजे. म्हणून खोक्यावर ब्लूटूथचे चिन्ह आहे एवढ्यावर समाधान न मानता, दुसऱ्या खोलीत असा मदतनीस बसविता येतो का आणि नेमक्या कोणत्या सेन्सरांचे आकडे हबला वाचता येतात, हे दोन प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावेत. दुसरा अधिक महत्त्वाचा, कारण काही कंपन्यांचे सेन्सर आकडे सांकेतिक स्वरूपात पाठवितात व ते उलगडणाऱ्या सांकेतिक किल्लीविना हबला वाचता येत नाहीत.

वाय-फायही याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तरी तेथील गर्दीचा बाऊ करू नये. सेन्सर ज्या तीन वाहिन्यांवर जाहीर बोलतात, त्या वाय-फायच्या १, ६ व ११ या नेहमीच्या वाहिन्या टाळूनच निवडलेल्या आहेत. निरनिराळ्या कंपन्यांची घरगुती स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकातही नवे उपकरण घरात दाखल करून घेताना ब्लूटूथचा उपयोग होतो. पण ते काम बहुधा मोबाइलच करतो, त्यामुळे केवळ मॅटरसाठी हबला ब्लूटूथ हवे असे नाही. आणखी एक : हब, राउटर व हे बोर्ड इन्व्हर्टरवर घ्यावेत. वीज गेल्यावर सेन्सर आपल्या सेलवर बोलतच राहतात, पण ऐकायला कोणी जागे नसते.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेतील आमच्या सदनिकेला ब्लूटूथचे कुलूप आहे. हब घेतल्यास ते बाहेरगावाहून उघडता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : त्या कुलपाच्या नेमक्या मॉडेलचे नाव हबच्या यादीत असेल तरच, कुलूप ब्लूटूथचे आणि हबही ब्लूटूथचा, एवढे जुळून पुरत नाही. शिवाय एरवी दाराजवळ आल्याखेरीज न उघडणारे कुलूप अशा जोडणीनंतर इंटरनेटवरून उघडू लागते, तेव्हा हबच्या खात्याचा पासवर्ड हीच घराची किल्ली होते. माझ्या मते, दार लागले आहे की नाही एवढेच हबला कळू द्यावे आणि उघडण्याची आज्ञा बंद ठेवावी. कुलपाला साध्या किल्लीची सोय असल्यास ती किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली की बाहेरगावी असतानाची बहुतेक अडचण भागते.