जुना झिऑन की जुना लॅपटॉप?

प्रश्न : इंटेल झिऑन ई५-२६७० प्रोसेसर बसवलेला जुना संगणक आणि कोअर आय५-८२५०यू प्रोसेसर असलेला वापरलेला लॅपटॉप मला सारख्याच किमतीत मिळत आहेत. हिशेब आणि थोडे प्रोग्रॅमिंग करायचे आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : लॅपटॉपच घ्यावा. २०१२ च्या झिऑनमध्ये आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत आणि २०१७ च्या आय५ मध्ये चारच, हे खरे. परंतु आपली बरीचशी कामे एकाच कोअरवर चालतात आणि तिथे नव्या रचनेचा आय५ सरस ठरतो. शिवाय झिऑनची औष्णिक मर्यादा, म्हणजे भरपूर काम करताना साधारण किती उष्णता निघते तो आकडा, ११५ वॅट आहे, तर आय५ ची १५ वॅट, आणि विंडोज ११ साठी झिऑन अधिकृतरीत्या चालत नाही. तासन्‌तास व्हिडिओचे रूपांतर करायचे असते, तर मी झिऑन सुचवला असता, कारण ते काम सगळ्या कोअरवर वाटले जाते. पैसे देण्यापूर्वी मात्र लॅपटॉप अर्धा तास कामाला लावून पाहा. पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल, तर तो तापून हळू चालू लागतो.