पहिली मत्स्यटाकी किती मोठी घ्यावी?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मासे पाळायचे आहेत. दुकानदाराने एक फुटी टाकी, दोन गोल्डफिश, एक एंजल, चार निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवण्यासाठी एक सकर मासा सुचवला आहे. आम्ही दोघेही नोकरी करत असल्याने लहान टाकी सांभाळायला सोपी जाईल, असे वाटते. सोसायटीत बोअरचे क्षारयुक्त पाणी येते. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लहान टाकी सोपी असते हा समज फार जणांचा असतो, आणि त्यापायी फार मासे मरतात. एक फुटी टाकीत जेमतेम पंधरा लिटर पाणी मावते. त्यात चिमूटभर खाद्य जास्त पडले किंवा एखादा मासा कोपऱ्यात मरून राहिला, तरी संध्याकाळी आपण घरी येईपर्यंत पाणी बिघडलेले असते. आपण किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्यावी. तिच्यात सुमारे पन्नास लिटर पाणी राहते व चूक सावरायला वेळ मिळतो. भरल्यावर तिचे वजन काच-वाळूसह सत्तर किलोंच्या आसपास जाते, म्हणून टेबल भक्कम हवे.

सुचवलेला संच कृपया घेऊ नये. दुकानात बोटाएवढा दिसणारा सकर फूटभर वाढतो. गोल्डफिश थंड पाण्यातला, भरपूर घाण करणारा मासा असून तोही वीतभर होतो. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, आणि निऑनला मुळात मऊ, मुरलेले पाणी लागते. आपल्या क्षारयुक्त पाण्यात गप्पी आणि प्लॅटी उत्तम राहतात. दोन्ही पिल्ले देणारे असल्यामुळे फक्त नर घ्यावेत, नाहीतर काही महिन्यांत टाकी भरून जाते. एकूण आठ-दहा नर पुरेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो; एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ते बहुधा याच विषारी पाण्यामुळे. म्हणून आधी माशांविना फिल्टर अखंड चालू ठेवावा, रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि परीक्षण संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच पहिले तीन-चार मासे आणावेत. उरलेले दोन-तीन आठवड्यांनी. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. काम निश्चित लवकर होते.

पुढे दर रविवारी पाव भाग पाणी बदलावे. स्पंज मात्र नळाखाली कधीच धुऊ नये, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन ते जिवाणू मारते. नाशिकच्या हिवाळ्यासाठी पन्नास वॅटचा हीटर लागेल. पाणी 24 ते 26 अंशांवर ठेवावे.

महिनाभर माशांविना टाकीकडे पाहत राहणे मुलीला जड जाईल, हे मी जाणतो. परीक्षणाच्या नळीतला रंग दर दोन दिवसांनी वहीत नोंदवण्याचे काम तिच्याकडेच द्यावे, आणि पहिले मासे कधी आणायचे ते त्या वहीवरून तिलाच ठरवू द्यावे.