ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) म्हणून तापीकाठच्या गावात रुजू झालास, आता विकास आराखडा तुझ्या टेबलावर येईल. त्यात कामं लिहायची घाई करू नकोस. आधी पाण्याचा ताळेबंद मांड.

एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस पडला की 10 घनमीटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं वाहून आणि उडून जातं. विहिरीत, बंधाऱ्यात आणि जमिनीच्या ओलीत राहील तेवढंच जमेला धर. खर्चाला आधी माणसं आणि गुरं. माणशी रोज 55 लिटर धरले तर 2000 वस्तीला वर्षाला 40 टीसीएम, म्हणजे 40 हजार घनमीटर लागतात. केळीला साधारण 1800 मिमी लागतं, हेक्टरी 18 टीसीएम. म्हणजे सव्वादोन हेक्टर केळीत अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी जातं. हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही.

हिशोब ऑक्टोबरमध्येच सभेपुढे ठेव. जानेवारीत गहू-हरभरा शेतात उभा असतो, तेव्हा कोण ऐकणार? तूट दिसली तर कोणत्या पिकाचं किती क्षेत्र कमी करायचं, ते ठरावात आलं पाहिजे. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेताचे मोठे पट्टे (फड) पाडून गावाने मिळून पाणी वाटायच्या जुन्या रीतीत, पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फडच कमी करत. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, दोघंही लाभधारकांनी नेमलेले. नियम टिकला तो या माणसांमुळे.

तुझ्या नाल्यावरचा कोल्हापुरी बंधारा बघ. पावसाळी प्रवाह ओसरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, घालायचे, जूनआधी काढायचे. उशीर झाला तर पाणी निघून जातं. काढायचे राहिले तर पहिल्याच पुरात काठ फुटतो. रबर सील झिजलं की फटीतून रात्रंदिवस गळती, आणि डिसेंबरात बंधारा कोरडा. बरगे किती, ते ठेवायच्या खोलीची किल्ली कोणाकडे, सील कोण बदलणार, नावानिशी ठरावात घे. दुरुस्तीच्या कामाला फलक लागत नाही, म्हणून ती नेहमी मागे पडते. पंधराव्या वित्त आयोगाने 60 टक्के निधी बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, ठेवला. अशा निधीतून नव्या कामाआधी जुन्या पाणीपुरवठ्याची दुरुस्ती बसवायला शिक.

बोअरची नोंदवही ठेव, खोलीसकट. 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, पण गावाकडे नोंदच नसेल तर ती लागू कशी होणार?

आणि विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मेमध्ये मोज. दरवर्षी त्याच विहिरी, कठड्यावर रंगाने केलेल्या त्याच खुणेपासून. मालकाला आदल्या दिवशी सांगून रात्रभर मोटार बंद ठेवायला लाव, नाहीतर उपसा झालेली पातळी वहीत चढेल आणि पुढचा सगळा ताळेबंद चुकेल.

तुझा स्नेहांकित