सिस्टीमची स्क्रिप्ट माझ्याच लॉगिनमधे का मोडते? वाचकांची प्रश्नोत्तरे

यावेळी लिनक्सवरच्या पायथन आणि पर्ल स्क्रिप्ट्सबद्दल आलेले बरेचसे प्रश्न एकाच जातीचे निघाले, "माझ्याकडे मोडतं, शेजारच्याच्या लॉगिनमधे चालतं", म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न: मी पिपला (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) युजर ऑप्शन, म्हणजे फक्त माझ्यापुरतं टाक, असं देऊन एका लायब्ररीचं नवीन व्हर्जन टाकलं, रूट (सगळे हक्क असलेला युजर) वगैरे काही वापरलं नाही. तेव्हापासून डिस्ट्रोसोबत (डेबियन, उबुंटूसारखं लिनक्स) आलेलं एक टूल सुरू होतानाच इम्पोर्ट एरर देतंय. मी तर सिस्टीमला हातच लावला नाही!

हात लावला नाहीत हे खरंय, पण सिस्टीमची स्क्रिप्टच तुमच्या घरात डोकावते त्याला काय करणार. पायथनमधे २.६ पासून, म्हणजे २००८ पासून, प्रत्येक युजरला स्वतःच्या होममधल्या डॉट-लोकल फोल्डरात पॅकेजेस ठेवता येतात आणि इम्पोर्ट शोधताना हे फोल्डर डिस्ट्रोच्या फोल्डरच्या आधी येतं. म्हणजे टूल सिस्टीमचं, पायथन सिस्टीमचा, फक्त मधली लायब्ररी तुमची, आणि टूल ज्यांनी लिहिलं त्यांनी ते जुन्या व्हर्जनवर तपासलेलं.

खात्री करायची तर 'पायथन३ डॅश एम साइट' चालवा, यादीत डॉट-लोकल कितव्या नंबरला आहे ते दिसेल. मग तेच टूल सिस्टीमच्या पायथनने, छोट्या एसचा फ्लॅग लावून चालवून बघा. या फ्लॅगने युजर फोल्डर बाजूला पडतं, तेव्हा टूल चाललं की चोर सापडला. ते पॅकेज तिथून काढा आणि प्रोजेक्टसाठी व्हेन्व (पॅकेजेसचं वेगळं बंदिस्त फोल्डर) करा. माझं मत विचाराल तर यात अर्धी चूक टूल पॅकेज करणाऱ्यांची, कारण हाच फ्लॅग त्यांना शीबँगमधेच (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) टाकता आला असता, फेडोरावाले टाकतात. डेबियन १२ (२०२३) पासून तर पिप अशा इन्स्टॉलला सरळ नकार देतो, युजर ऑप्शन दिला तरी. त्यावर लोक 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा ऑप्शन लावून मोकळे होतात, नावातच सगळं लिहिलेलं असूनही!

प्रश्न: ऑफिसातल्या सगळ्या मशीन्सवर टाकायला मी एक पायथन स्क्रिप्ट लिहिलीय, शीबँगमधे एन्व्ह वापरलंय कारण सगळीकडे तेच चांगलं म्हणून सांगतात. डेव्हलपर लोकांच्या मशीनवर मात्र ती कधी चालते कधी नाही.

एन्व्ह चांगलंच आहे, पण कोणासाठी ते बघा. एन्व्ह ही कमांड पाथमधे (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) जो पायथन पहिला सापडेल तो उचलते, त्यामुळे डेव्हलपरने व्हेन्व चालू केलं किंवा कोंडाचं (पायथनची पॅकेजेस सांभाळणारं दुसरं टूल) बेस एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू होत असलं की तुमची स्क्रिप्ट त्याच्या पायथनवर चालते, आणि तिला लागणारी मॉड्यूल्स तिथे असतील नसतील. डेव्हलपरच्या स्वतःच्या स्क्रिप्टला हेच हवं असतं. मशीनवर बसवलेल्या टूलला मात्र हे अजिबात नको, तिथे युएसआर-बिन मधल्या पायथन३ चा पूर्ण पाथच (फाइलचा पूर्ण पत्ता) लिहा.

पण नुसता पूर्ण पाथ पुरत नाही, कारण पायथनपाथ हा व्हेरिएबल (मॉड्यूल्स शोधायचे जास्तीचे फोल्डर सांगणारा) आणि वरचं डॉट-लोकल दोन्ही तरीही आत येतात. त्यासाठी कॅपिटल आयचा फ्लॅग, पायथन ३.४ पासून आहे. पायथनच्या नावाने सुरू होणारे सगळे व्हेरिएबल्स तो दुर्लक्षित करतो, युजर फोल्डर बंद करतो, आणि स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे ते फोल्डरसुद्धा शोधातून काढतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, नाहीतर शेजारच्या फाइलमधलं तुमचंच हेल्पर मॉड्यूल सापडणार नाही आणि फ्लॅगला शिव्या द्याल. हेल्पर एकतर नीट इन्स्टॉल करा किंवा त्याचा पाथ स्क्रिप्टमधे हाताने जोडा.

अजून एक गंमत. लिनक्सवर शीबँगमधे इंटरप्रिटरच्या नंतरचं सगळं एकच आर्ग्युमेंट म्हणून जातं, त्यामुळे एन्व्हपुढे पायथन३ आणि फ्लॅग असं लिहिलं तर एन्व्ह 'पायथन३ स्पेस डॅश कॅपिटल आय' अशा अख्ख्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. कोअरयुटिल्स (एन्व्हसारख्या मूळ कमांड्सचा संच) ८.३० (२०१८) मधे एन्व्हला यासाठी कॅपिटल एसचा ऑप्शन आला, पण पूर्ण पाथ लिहिलात तर त्याची गरजच नाही, दोन फ्लॅग हवे असतील तर एकाच डॅशपुढे चिकटवून लिहायचे.

आणि हो, डेबियन घराण्यात कोणी सूडो (रूटच्या हक्काने चालवणारी कमांड) लावून पिप चालवलं असेल तर ती पॅकेजेस युएसआर-लोकलमधे जातात. तिथे कॅपिटल आय काही करत नाही, कारण पायथनच्या दृष्टीने तीसुद्धा सिस्टीमच.

प्रश्न: पर्लची लोकल-लिब (मॉड्यूल्स होममधे ठेवणारी) सेटिंग्ज माझ्या बॅश-आरसीमधे (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कित्येक वर्षं आहेत. डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर सिस्टीमच्याच पर्ल स्क्रिप्ट्स 'हँडशेक की' जुळत नाही म्हणून मरतायत.

टिपिकल केस. तुमच्या होममधली काही मॉड्यूल्स सी मधून कंपाइल झालेली आहेत, ती जुन्या पर्लसाठी. अपग्रेडने पर्ल बदलला पण पर्ल-फाइव्ह-लिब हा व्हेरिएबल अजून त्याच फोल्डरकडे बोट दाखवतोय, नवा पर्ल जुनी बायनरी उघडायला जातो आणि तिथेच थांबतो. तुमच्यापुरता उपाय म्हणजे ते फोल्डर बाजूला ठेवून मॉड्यूल्स नव्याने बांधा, आणि सेटिंग बॅश-आरसीतून काढून ज्या प्रोजेक्टला लागते तिथेच चालू करा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी मात्र पर्ल जरा अवघड आहे. पायथनसारखा एका फटक्यात सगळं बंद करणारा फ्लॅग इथे नाही, आणि कॅपिटल आय तर बरोब्बर उलटं करतो, शोधात फोल्डर वाढवतो! कॅपिटल टी, म्हणजे टेंट मोड (बाहेरून आलेल्या डेटावर विश्वास न ठेवणारा), पर्ल-फाइव्ह-लिबकडे बघत नाही, पण त्यासोबत टेंटची सगळी तपासणी गळ्यात पडते आणि जुनी स्क्रिप्ट दहा ठिकाणी अडते. बरेच जण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत व्हेरिएबल डिलीट करतात, पण त्याला उशीर झालेला असतो, शोधाची यादी पर्ल सुरू होतानाच तयार होते. शेवटी साधा उपाय बरा: चार ओळींचा शेल रॅपर, म्हणजे मूळ स्क्रिप्ट सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट, त्यात पर्ल-फाइव्ह-लिब आणि पर्ल-फाइव्ह-ऑप्ट (पर्लला जास्तीचे ऑप्शन देणारा) अनसेट करायचे आणि सिस्टीमच्या पर्लला पूर्ण पाथने एक्झेक करायचं, म्हणजे रॅपरच्या जागी चालवायचं.

प्रश्न: सिस्टीम-वाइड पायथन३ ची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव) नव्या व्हर्जनकडे वळवली, उबुंटूवर आता टर्मिनलच उघडत नाही. मदत!

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन करा आणि सिमलिंक होती तशी करा. तिथलं ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल ही पायथन स्क्रिप्ट होती, आणि ॲप्टची (पॅकेजेस बसवणारं टूल) पायथन मॉड्यूल्स एकाच व्हर्जनसाठी कंपाइल केलेली असतात, त्यामुळे ती सिमलिंक तुमची नाहीच असं समजा. नवा पायथन शेजारी ठेवा, त्याच्या पूर्ण नावाने चालवा. रेड हॅटने याचा इतका धसका घेतला की आरएचईएल ८ मधे (२०१९) सिस्टीमचा पायथन 'प्लॅटफॉर्म-पायथन' नावाने वेगळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

प्रश्न: सूडोने किंवा एन्व्हला डॅश छोटा आय देऊन चालवलं की सगळं स्वच्छ होतं ना? मग फ्लॅगची कटकट कशाला?

सूडो बऱ्यापैकी स्वच्छ करतो. त्याचा एन्व्ह-रीसेट डिफॉल्टनेच चालू असतो, पायथनपाथ आणि पर्ल-फाइव्ह-लिब पुढे जात नाहीत, नावानिशी सांगून तुम्हीच ते पुढे रेटलेत तर गोष्ट वेगळी. पण ज्या टूलला रूट लागत नाही ते केवळ स्वच्छतेसाठी रूटने चालवणं म्हणजे डास मारायला तोफ.

एन्व्ह डॅश आयचं मात्र लोकांना कळत नाही. सगळे व्हेरिएबल्स पुसले जातात, होमसुद्धा, आणि तरी युजर फोल्डर आत येतंच! होम व्हेरिएबल नसेल तर पायथन पासवर्ड फाइलमधून तुमचं घर शोधून काढतो. मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय, एन्व्हायर्नमेंट रिकामं दिसतंय आणि लायब्ररी तरी माझीच लोड होतेय. तिथे पायथनचा फ्लॅगच लागतो. क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तर उलटंच दुखणं, तिथे बॅश-आरसी वाचलीच जात नाही आणि पाथही सहसा युएसआर-बिन आणि बिन एवढाच, त्यामुळे टर्मिनलमधे चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधे मेली तर ती तुमच्या सेटिंग्जवर जगत होती असं समजायचं.

प्रश्न: आमचं टूल मधेच युजरचा एडिटर उघडतं. तुम्ही सांगता तसा रॅपर लावल्यापासून लोकांचे एडिटर प्लगिन चालेनासे झाले.

बरोबर आहे, अनसेट केलेलं खाली वारशाने जातं. फ्लॅगचं तसं नाही, कॅपिटल आय फक्त त्या एका प्रोसेसपुरता, व्हेरिएबल्स जागच्या जागी असतात आणि एडिटरला युजरचं सगळं मिळतं, म्हणून पायथनमधे फ्लॅगच वापरा. पर्लमधे रॅपरला पर्याय नाही, तर रॅपरमधे अनसेट करायच्या आधी जुन्या व्हॅल्यू दुसऱ्या नावाने साठवा आणि एडिटर उघडायच्या क्षणी चाइल्डच्या, म्हणजे त्या एडिटरच्या, एन्व्हायर्नमेंटमधे परत भरा. व्हेरिएबल आधी मुळात नव्हता की रिकामा होता हेसुद्धा साठवून ठेवा, रिकामा पायथनपाथ किंवा पर्ल-फाइव्ह-लिब एकवेळ चालून जाईल, पण रिकामा पाथ नाही चालणार.