फर्लांग फारसी नाही, शेतातला आहे

"शाळा दोन फर्लांगावर" असं जुने लोक म्हणतात त्यातला फर्लांग फारसी का, असा प्रश्न आलाय. फर्मान-फर्याद यांच्या पंगतीत बसेल असा दिसतो खरा, पण शब्द पक्का इंग्रजी आणि तोही साहेबाच्या कचेरीतला नाही, शेतातला. जुन्या इंग्रजीत फुर्ह म्हणजे नांगराचं तास (घड्याळातला नव्हे, शहरी मंडळींसाठी सांगून ठेवतो) आणि लांग म्हणजे लांब. तासाची लांबी ती फर्लांग.

आता तास एवढं लांब कशाला, तर नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन हे छोटं गाव बघा. इंग्लंडात बाकी जवळजवळ सगळीकडे जुनी खुली शेतं कुंपणं घालून वाटली गेली, इथं ती पद्धत अजून चालू आहे. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड अशी तीन मोठी शेतं, त्यात प्रत्येकाचे लांबट पट्टे, आणि एक शेत आळीपाळीने पड. मधे ना बांध ना कुंपण! पूर्वी बैलांची लांबलचक जोडणी असलेला नांगर वळवणं म्हणजे मोठं दिव्य, म्हणून एकदा धरलं की सरळ जात राहायचं, वळायचं कमी, आणि पट्टे आपोआप लांब आणि अरुंद झाले. १६३५ चा गावाचा नकाशा आहे, त्यात हे पट्टे एकेक करून काढलेत, तासनतास बघत बसावं असा.

बांध नाही म्हणजे बांध कोरायची सोय नाही असं वाटलं तर चुकलात. शेजाऱ्याच्या हद्दीत नांगर घालणारे तिथंही आहेतच, म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला गावचे पंच गहू पेरलेल्या शेतात फिरून हद्दीला लाकडी खुंट्या ठोकतात आणि मग गावकोर्टात दंड होतो. कोर्ट भरतं कुठं? गावच्या पबमध्ये. आपल्या तलाठी कार्यालयापेक्षा बरं म्हणायचं.

पुढे फर्लांग २२० यार्डांचा ठरला, म्हणजे साधारण २०१ मीटर. मैल आधी याच्याशी जुळत नव्हता, पण जमिनींचे सगळे व्यवहार फर्लांगावर बेतलेले, ते कोण बदलणार, म्हणून १५९३ च्या कायद्याने आठ फर्लांगांचा मैल ठरवला आणि मैलच लांबवला. एकरसुद्धा याच शेतातला: एक फर्लांग लांब, २२ यार्ड रुंद. हो, क्रिकेटच्या पिचच्या लांबीएवढीच रुंदी. त्याच एकराचे आपण ४० गुंठे करतो, ३३ बाय ३३ फुटांचा एक.

मराठीत तो आला इंग्रजी अमलात, मैलांच्या जोडीनं, आणि किलोमीटर आल्यावर मागे पडला. लिहिताना फर्लांगच लिहा, फरलाँग वगैरे करायची गरज नाही, शब्द कधीच आपला झालाय. आणि त्यातल्या 'लांग'चं आपल्या 'लांब'शी काही नातं नाही, नुसता योगायोग.