वाचकांचे प्रश्न : वीस कार्डांचा डेक बांधताना

प्रश्न : 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' या मोबाइल खेळात माझ्याकडे चारिझार्ड ईएक्स, म्यूटू ईएक्स आणि पिकाचू ईएक्स अशी तिन्ही बलाढ्य कार्डे आहेत. तिघांना एकाच डेकमध्ये (खेळायच्या वीस कार्डांच्या गड्डीत) घेऊन मी तीन प्रकारच्या एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी लागणाऱ्या शक्ती, निवडल्या, तरीही बहुतेक डाव हरतो. चूक कोठे होते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची कार्डे उत्तम आहेत, पण ती एकमेकांच्या आड येतात. या खेळात एनर्जी कार्डांच्या स्वरूपात डेकमध्ये नसते. सुरुवात करणाऱ्या खेळाडूची पहिली पाळी सोडली, तर प्रत्येक पाळीत एक एनर्जी आपोआप मिळते, आणि तुम्ही तीन प्रकार निवडले असतील तर त्यांपैकी कोणती येईल हे यदृच्छेने ठरते. पिकाचू ईएक्सला हल्ल्यासाठी विजेच्या दोन एनर्जी लागतात. तीन प्रकारांतून सलग दोन्ही वेळा वीजच येण्याची शक्यता नवांत एक एवढीच उरते, आणि एकच प्रकार निवडला तर ती खात्री होते. शिवाय पिकाचूचा हल्ला बाकावरील, म्हणजे मागे राखीव बसलेल्या, विजेच्या प्रत्येक पोकेमॉनमागे ३० नुकसान करतो. तुमच्या डेकमध्ये बाकावर चारमँडर (चारिझार्डचे पहिले रूप) आणि म्यूटू बसलेले असल्यामुळे ती ताकदही वाया जाते. म्हणून पहिला निर्णय एकाच एनर्जीचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडील कार्डांपैकी मी म्यूटू ईएक्स निवडेन आणि त्याच्या जोडीला गार्डेव्हॉर घेईन. म्यूटूचा मोठा हल्ला १५० नुकसान करतो, त्यासाठी चार एनर्जी लागतात आणि हल्ल्यानंतर त्यांतील दोन टाकून द्याव्या लागतात. एकट्या म्यूटूला त्या भरून काढायला दोन पाळ्या जातात. मात्र गार्डेव्हॉर बाकावर असेल तर ती दर पाळीत पुढे लढत असलेल्या सायकिक (म्यूटूच्याच प्रकारच्या) पोकेमॉनला एक जादा एनर्जी देते. नेहमीची एक आणि तिची एक मिळून गेलेल्या दोन्ही परत येतात, आणि म्यूटू प्रत्येक पाळीत १५०चा घाव घालू शकतो. या डेकचे सारे बळ या हिशेबात आहे.

आता गार्डेव्हॉरपर्यंत वेळेत पोहोचण्याचा प्रश्न येतो. राल्ट्स, किर्लिया, गार्डेव्हॉर ही उत्क्रांती एकेक पायरीने गेल्यास लवकरात लवकर तुमच्या तिसऱ्या पाळीत पूर्ण होते. सुरुवातीची पाच कार्डे आणि दर पाळीचे एक, अशी तोपर्यंत आठ कार्डे हाती येतात. वीसांच्या डेकमध्ये गार्डेव्हॉरच्या दोन प्रती असतील, तर त्यांपैकी किमान एक या आठांत असण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते. 'प्रोफेसर्स रिसर्च' खेळून आणखी दोन कार्डे ओढली की ती ७६ टक्क्यांवर जाते. म्हणून प्रोफेसर्स रिसर्च हे कार्ड दोन प्रतींत घेतलेच पाहिजे, त्याला पर्याय नाही.

'पोके बॉल' हे कार्ड डेकमधून एक बेसिक (उत्क्रांतीच्या पहिल्या पायरीवरचा) पोकेमॉन यदृच्छेने हातात आणतो, आणि येथेच अनेक खेळाडू 'एखादा जादा पोकेमॉन असू द्यावा' या मोहाने डेक बिघडवतात. सुरुवातीला हातात एकच बेसिक, समजा म्यूटू, आला असेल, तर डेकमध्ये एक म्यूटू आणि दोन राल्ट्स उरतात, म्हणजे बॉल तीनांत दोनदा राल्ट्स देईल. त्यात वेगळे दोन बेसिक मिसळले, की तेच प्रमाण पाचांत दोनवर घसरते. त्यामुळे म्यूटू, राल्ट्स, किर्लिया आणि गार्डेव्हॉर प्रत्येकी दोन, एवढ्या आठांवरच थांबावे. उरलेल्या बारा जागी प्रोफेसर्स रिसर्च, पोके बॉल, एक्स स्पीड, पोशन, सब्रिना आणि जिओव्हानी या मदतीच्या कार्डांच्या प्रत्येकी दोन प्रती ठेवाव्यात. जिओव्हानी त्या पाळीतील हल्ल्यात फक्त १० वाढवतो, पण म्यूटूचा ५०चा छोटा हल्ला त्यामुळे ६०वर जातो आणि समोरचा ६० एचपीचा (जीवनशक्तीचा) पोकेमॉन एका घावात बाद होतो. सब्रिना आणि जिओव्हानी हे दोघेही 'सपोर्टर' या प्रकारची कार्डे असल्याने एका पाळीत त्यांपैकी एकच खेळता येतो, हे मात्र ध्यानात असावे.

एक सावधगिरी सांगतो. डाव तीन गुणांवर संपतो आणि नावात 'ईएक्स' असलेला पोकेमॉन बाद झाला की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात. तुमचा एक म्यूटू आणि एक राल्ट्स गेला, तरी डाव संपला. म्हणून राल्ट्सला शक्यतो पुढे न ठेवता बाकावरच वाढवावे.

प्रश्न : माझ्याकडे गार्डेव्हॉरची एकच प्रत आहे. दुसरी मिळेपर्यंत म्यूटू-गार्डेव्हॉरचा हाच डेक खेळावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खेळू नये. एका प्रतीने तिसऱ्या पाळीपर्यंतची शक्यता ४० टक्क्यांवर येते आणि म्यूटू बहुतेक डावांत एकटा पडतो. कार्डांचे प्रत्येक पाकीट उघडल्यावर ५ पॅक पॉइंट मिळतात आणि 'जेनेटिक एपेक्स' संचातील गार्डेव्हॉर १५० पॉइंटांना घेता येते. बारा तासांना एक याप्रमाणे मिळणारी मोफत पाकिटे त्याच संचातून उघडलीत, तर साधारण पंधरा दिवसांत दुसरी प्रत हाती येईल, आणि तीही एक रुपया न खर्चता. म्यूटूच्या चित्राचे पाकीट निवडावे, कारण गार्डेव्हॉरची सारी साखळी त्याच पाकिटात आहे. प्रोफेसर्स रिसर्च आणि पोके बॉल खेळातील दुकानात शॉप तिकिटांवर मिळतात, तेव्हा तिकिटे आधी त्यांच्यावरच खर्च करावीत.