सर्वेक्षणाच्या डेटातून गटांची भारित संख्या 'आर'मध्ये कशी काढावी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या डेटात 'आर' या सांख्यिकी संगणकभाषेतील ('डीप्लायर' पॅकेजमधील) 'काउंट' हे फंक्शन नुसत्या ओळी मोजते, मग जिल्हानिहाय स्त्रियांची भारित संख्या कशी काढावी, असे तुम्ही विचारले आहे. 'व्ही००५' हा भारांकांचा, म्हणजे प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला द्यायच्या वजनाचा, स्तंभ आधी १० लाखांनी भागा, कारण त्यातील सहा दशांश स्थळे दशांश चिन्हाशिवाय साठवलेली असतात, आणि तो 'काउंट'ला 'डब्ल्यूटी' म्हणून द्या. एवढ्याने गटागटातील भारांकांची बेरीज मिळते.

मात्र 'ओळीच मोजल्या तर काय बिघडते?' हा प्रश्न मी पूर्वी एका वरिष्ठांकडून ऐकला आहे. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीवरून महाराष्ट्राचे तक्ते करताना मी भारांक लावले, तेव्हा 'भारांक म्हणजे आकडे हवे तसे वळवणे' असे सांगून त्यांनी ते काढायला लावले. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाख होती. परंतु प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज देता यावा म्हणून लहान जिल्ह्यातूनही पुरेशी कुटुंबे निवडली जातात आणि नमुन्यात ही अकरा पटींची तफावत उतरत नाही. त्यामुळे भारांक वगळून राज्याची टक्केवारी काढली, तर सिंधुदुर्गातील स्त्रीचे उत्तर तिच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त मोजले जाते. आकडे वळतात ते भारांक न लावल्याने, हे मी तेव्हा सांगितले होते आणि आजही माझे तेच ठाम मत आहे.

पुढे त्याच वरिष्ठांनी दुसऱ्या एका तक्त्यातील भारित संख्या 'राज्यातील एकूण स्त्रिया' म्हणून वाचून दाखवली. तेही चूकच होते, कारण या सर्वेक्षणातील भारांकांची देशपातळीवरील बेरीज नमुन्याइतकीच, म्हणजे ७,२४,११५ स्त्रियांइतकी, ठेवलेली असते. लोकसंख्येचा अंदाज हवा असेल, तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण या वेगळ्या सर्वेक्षणाचे गुणक (नमुन्यावरून लोकसंख्येइतकी बेरीज देणारे भारांक) त्यासाठीच असतात. म्हणून तक्त्यात भारित आणि अभारित असे दोन्ही स्तंभ छापा, आणि कोणी अभारित स्तंभ 'अनावश्यक' म्हणून खोडू लागले तर खोडू देऊ नका. सर्वेक्षणाच्या अहवालांतही २५ पेक्षा कमी अभारित नोंदींवरील टक्केवारी दाखवत नाहीत.

एक सांगायचे राहिले: ज्या ओळींत भारांकच नाही, त्या 'काउंट' मुकाट्याने वगळते, तेव्हा त्या आधी तपासा. प्रमाण त्रुटीसाठी, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो हे काढण्यासाठी, ही बेरीज पुरेशी नाही. त्यासाठी थॉमस लम्ली यांच्या 'सर्व्हे' पॅकेजमध्ये 'व्ही०२१' हा प्राथमिक नमुना घटकाचा (आधी निवडलेल्या गावाचा किंवा शहरी भागाचा) स्तंभ आणि स्तरांचा, म्हणजे नमुना निवडण्यापूर्वी पाडलेल्या गटांचा, स्तंभही द्यावा लागतो.